कापलेले पैसे म्हणजे कर नव्हे



आपल्यातले बरेच जण सकाळी एक, संध्याकाळी दुसरी अशी दोन अर्धवेळ कामं करतात. टीडीएस कापला की कर भरून झाला, नाही कापला तर कर नाही, असं आपण धरून चालतो. दोन्ही समज चुकीचे. टीडीएस ही फक्त आगाऊ कपात. कर ठरतो वर्षाच्या एकूण उत्पन्नावर.

2025-26 या आर्थिक वर्षाचं, नव्या करप्रणालीतलं उदाहरण घ्या. अंधेरीच्या शाळेत अर्धवेळ पगार महिना 25,000, संध्याकाळी घाटकोपरच्या क्लासमध्ये 15,000. क्लासवाले ते पैसे व्यावसायिक फी म्हणून दाखवतात आणि 10 टक्के कापतात, म्हणजे वर्षाला 18,000. एकूण उत्पन्न 4,80,000. पगारावरची 75,000ची प्रमाणित वजावट गेली की उरतात 4,05,000. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. ते 18,000 तुमचेच आहेत, पण रिटर्न भरलं तरच परत येतात.

आता उलट बाजू. दोन कंपन्या, प्रत्येकी 7 लाख पगार. प्रत्येकीच्या हिशेबात कर शून्य, म्हणून कपात नाही. पण बेरीज 14 लाख, आणि वजावट एकदाच. सेससह कर होतो 81,900. म्हणून एका कंपनीला दुसऱ्या पगाराची माहिती लेखी द्या, किंवा स्वतः आगाऊ कर भरा. नाहीतर वर व्याज लागतं.

संविधानाचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही. परतावा ही मेहरबानी नाही, हक्क आहे. आणि देणं निघत असेल, तर ते चुकतं करणं ही आपली जबाबदारी.

आज घरी गेल्यावर आयकर पोर्टलवर आपला फॉर्म 26एएस उघडून बघा.