विद्यापीठाच्या दारातील अनाहूत टपाल

(विद्यापीठातील नवे विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



विद्यापीठात प्रवेश मिळताच आपणांस विद्यापीठाच्या नावाचा एक ई-मेल पत्ताही मिळाला. त्यावर परीक्षेच्या सूचना येतील, शिष्यवृत्तीची पत्रे येतील. त्यांच्याच जोडीने लॉटरीची बक्षिसे, घरबसल्या कमाईच्या योजना आणि पैसे घेऊन वाटेल तो शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांची निमंत्रणेही न बोलाविता येतील. या अनाहूत टपालालाच 'स्पॅम' म्हणतात.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील विद्यापीठे व संशोधनसंस्था यांना जोडणाऱ्या 'अर्पानेट' या जाळ्यावर एका संगणक कंपनीच्या गॅरी थुएर्क या अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठविली. पहिले स्पॅम म्हणून तिची नोंद केली जाते.

विद्यापीठांवर या मंडळींचा विशेष रोख असतो. येथे प्राध्यापकांचे पत्ते संकेतस्थळावर उघड असतात आणि दरवर्षी हजारो नवखे विद्यार्थी दाखल होतात. ई-मेलवर पाठविणाऱ्याचे नाव खोटे घालणे अवघड नाही. म्हणून पत्र ज्या सर्व्हरवरून निघाले, त्याला त्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार आहे काय, हे आधी तपासले जाते. त्यानंतर मजकुराची छाननी होते. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक टॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सिद्धांताचा त्यासाठी उपयोग केला जातो. आपण एखादे पत्र स्पॅम म्हणून दाखविता, तेव्हा आपणही या चाळणीला शिकवीत असता.

परंतु चाळणीची भोके फार बारीक केली, तर खड्यांबरोबर धान्यही वरच राहते. माझ्या भाचीला आलेले शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे पत्र स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून राहिले. ते दृष्टीस पडले, तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेली होती.

भोके मोठी ठेवली, तर खडे आत येतात. 'आपली मेलपेटी भरली आहे, चोवीस तासांत पासवर्ड कळवा', असे पत्र संगणक केंद्राच्या नावाने येते. एखादा कर्मचारी विश्वासाने पासवर्ड देतो आणि त्याच रात्री त्याच्या खात्यावरून हजारो पत्रे बाहेर पडतात. मग इतर सर्व्हर आपल्या विद्यापीठाचेच नाव काळ्या यादीत टाकतात. संशोधकाचा निबंध, विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी परदेशी पाठविलेले शिफारसपत्र, सारेच परत येऊ लागते. चूक एकाची असते. दंड मात्र सर्वांना भरावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ संगणक केंद्राचा नाही, तो आपणा सर्वांचा आहे.

तेव्हा काही पथ्ये आवर्जून पाळावीत. पासवर्ड कोणासही सांगू नये. संगणक केंद्रालाही तो विचारण्याचे कारण नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. पत्राविषयी शंका येताच त्यातील लिंक न उघडता संबंधित कार्यालयाला दूरध्वनी करून खात्री करावी. अनोळखी पत्रास 'पुन्हा पाठवू नका' असे उत्तरही देऊ नये, कारण त्यामुळे आपला पत्ता चालू असल्याचे त्यांना कळते. स्पॅमचे फोल्डर आठवड्यातून एकदा तरी चाळावे.

चूक झालीच, तर तत्काळ पासवर्ड बदलून संगणक केंद्राला कळवावे. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ डी अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथील वरिष्ठांना माझी एकच विनंती आहे. चूक सांगावयास आलेल्याला रागावू नका. तासाभरात सांगितलेली चूक सावरता येते. लाजेपोटी आठवडाभर लपविलेली चूक साऱ्या विद्यापीठाला भोवते. आपण सर्व मिळून हे दार राखू या.