दिंडोरीत घर-प्लॉट घेताना आणि विकताना

द्राक्षबागांच्या आपल्या दिंडोरी तालुक्यात तळेगाव-अक्राळे औद्योगिक क्षेत्र आहे, जानोरीजवळ विमानतळ आहे. त्यामुळे घरांना, प्लॉटना मागणी राहील. पण घाई नको. घेणाऱ्यांनो, सातबारा, फेरफार आणि बिनशेती आदेश तपासा. मोठ्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पाहा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, हे विसरू नका. विकणाऱ्यांनो, वारसनोंद, मोजणी आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा आधी मार्गी लावा. ऐकीव भावावर विसंबू नका. रेडीरेकनर आणि परिसरातले अलीकडचे नोंदलेले व्यवहार पाहूनच किंमत ठरवा. कागद चोख असतील, तर दोघांचाही व्यवहार निर्धास्त होईल.