घरच्या माणसाचा रोज



वसंत व्याख्यानमालेची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, असे आम्ही वाचले आहे. शहरात वसंत आला म्हणजे सतरंज्या झटकल्या जातात आणि वक्त्यांना पत्रे जातात. आमच्या गावाकडे वसंत आला म्हणजे विहिरीत दोर सोडून पाणी मोजतात. किती हात पाणी उरले त्यावर किती वाफे लावायचे ते ठरते, आणि किती वाफे लावले त्यावर आषाढात दुकानदाराची उधारी फिटणार की नाही ते ठरते. आज याच वसंताविषयी चार शब्द बोलण्याचे योजले आहे.

आम्ही सातवीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. हमालांचे अर्ज लिहिता लिहिता मराठी सुधारले आणि पगाराचे हिशेब तपासता तपासता गणित आले. तेव्हा भाषणात काही उणे राहिले, तर ते आपण पदरात घ्यावे.

अमरावती आणि अकोला म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, फार तर वरुड-मोर्शीचा संत्रा आठवतो. भाजी कोणाला आठवत नाही. आपल्या या वऱ्हाडाचे पाण्याच्या दृष्टीने दोन भाग आहेत. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण त्या पाण्यावर रोप धरत नाही. काळी जमीन वर पांढरी पडते. सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट, अंजनगाव, अचलपूर, चांदूरबाजार या बाजूला विहिरींना गोडे पाणी आहे. दर्यापूरकडच्या माणसाच्या ताटात उन्हाळ्यात जी हिरवी भाजी पडते, ती बहुधा दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी असते. आणि ते गोडे पाणीही दरसाल खाली चालले आहे.

आमचे घर त्या पायथ्याकडचे. जमीन दीड एकर, एक विहीर, माणसे पाच. वडील कापसाच्या हंगामात जिनात कामाला जात. फाल्गुनाच्या सुमारास जिनाचा भोंगा थांबला की ते वावरात येत. पण लागवड त्यांची वाट पाहत नसे. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या, तूर सवंगून झालेली. मग वखराची पाळी देऊन माघातच आमची माय सऱ्या पाडायला घेई. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडके, कारले, आणि कडेच्या दोन वाफ्यांत सांबार.

माघात पहाटेची थंडी असते आणि थंडीत भेंडीचे बी लवकर उगवत नाही. म्हणून माय बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधी आणि ती पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवी. दोडक्या-कारल्याच्या बियांचे साल कठीण, त्यांना आणखी एक दिवस लागे. सकाळी आम्ही भावंडे वरंब्याच्या बगलेला वीत-वीत अंतरावर बी टोबत जायचो. अंतर चुकले तर पाठीत धपाटा बसे. बियाणे विकत आणण्याची रीत घरात नव्हती. चांगल्या झाडाला माय लाल चिंधी बांधी. त्या झाडाची भेंडी कोणी तोडायची नाही, ती बियाण्याची.

पुढे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग फार वाढला. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. १९८५ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्या रोगाला टक्कर देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. आता संकरित बियाण्याची पाकिटे आली. उत्पन्न वाढले हे खरे, आणि दर हंगामाला पाकीट विकत घ्यावे लागते हेही तितकेच खरे.

बी टोबल्यापासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी भेंडीचा तोडा सुरू होतो आणि मग घराला श्वास घ्यायला फुरसत राहत नाही. एक दिवसाआड तोडा झालाच पाहिजे. एक दिवस चुकला की भेंडी जून होते आणि जून भेंडीला गिऱ्हाईक नाही. तोडा पहाटे करावा लागतो, कारण नऊ वाजले की आपल्याकडचे ऊन काय असते ते मी सांगायला नको. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. भेंडीची लव हातांना चावते. माय हातांना चिंध्या गुंडाळी, तरी बोटे सुजत. आणि पाणी द्यायचे ते वीज असेल तेव्हा. पूर्वी मोट होती, ती निदान दिवसा चाले. आता शेतीच्या विजेची पाळी कित्येक आठवडे रात्रीची असते, मग विंचूकाट्यात बॅटरी घेऊन बारे द्यायचे.

मंडळी, आम्ही युनियनचे माणूस. कुठलेही काम पाहिले की त्याचे तास मोजायची आम्हांस खोड आहे. पाव एकर भेंडी धरा. पंचवीस तोडे धरा. तोड्याला दोन माणसे, प्रत्येकी तीन तास. म्हणजे दीडशे तास. निवडणे, भरणे, गाडीपर्यंत नेणे यांना दोघांचा एकेक तास, हे आणखी पन्नास. दोनशे तास झाले. आठ तासांचा रोज धरला तर पंचवीस रोज. आमच्या घरच्या अनुभवाने टोबणे, निंदणे आणि पाणी यांचे पंधरा रोज त्यात घाला. पाव एकराला चाळीस रोज! बियाणे, खत, औषध, गाडीभाडे यांचा खर्च शेतकरी बोटांवर सांगतो. हे चाळीस रोज मात्र तो कधी सांगत नाही, कारण ते घरचे असतात. घरचे म्हणजे बहुतेक बायकांचे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, धान्य किती, पैसे किती ते बोलले जाते. घरच्या बाईचे साल कोणत्या पाडव्याला ठरले?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचला नाही. तो आमच्या तोंडावर फेकला गेला, ती गोष्ट सांगतो.

१९९८ च्या चैत्रात जिल्ह्यातल्या एका भाजीबाजारात आम्ही हमालांचा संप पुकारला. नगामागची हमाली बरीच वर्षे वाढली नव्हती, मागणी न्याय्य होती. १९६९ चा माथाडी कायदा कागदावर होता, त्या बाजारात त्याचे पाऊल पडले नव्हते. तीन दिवस एकही चुंगडे उतरले नाही. तिसऱ्या दिवशी अडते नमले, हमाली वाढली, गुलाल उडाला. आम्ही रात्री गुलालासकट घरी गेलो. अंगणात दोन तोड्यांची भेंडी पडली होती. जून झालेली, काळी पडलेली. ती आमच्याच वावरातली होती. माय तीच निवडत बसली होती. ती म्हणाली, “तुह्या हमालाच्या पोटाले भूक लागते, थे खरं हाय. पन भेंडीले म्या काय सांगू? तिले थांब म्हनू?”

आम्ही तिला समजावू लागलो, की एकदा रोज वाढला की सगळ्यांचेच भले होते. तिने विचारले, “काहून रे बाबू, माहा रोज कोनी धरला?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आणि पुढच्या आठवड्यात अडत्याची पट्टी हातात आली, तेव्हा तर बोलायलाच जागा उरली नाही. वाढलेली हमाली त्या पट्टीत शेतकऱ्याच्या रकमेतून कापली होती. म्हणजे जो रोज आम्ही भांडून मिळवला, तो अडत्याच्या खिशातून आला नव्हता. तो मायच्या सुजलेल्या बोटांतून आला होता. दोन कष्टकरी एकमेकांसमोर उभे केले गेले आणि उभे करणारे आम्हीच होतो.

त्यानंतर आम्ही संपाच्या अगोदर दोन गोष्टी करू लागलो. वाढीव हमाली कोणाच्या नावे पडणार ते करारात लिहून घ्यायचे, आणि आसपासच्या गावांत जाऊन भाजीवाल्यांना तारीख आधी सांगायची. पहिल्या वर्षी काही हमालांनीच आम्हांस शेतकऱ्यांचा दलाल म्हटले. तेही ऐकून घेतले.

बाजाराच्या कायद्याचा इतिहास पाहा. नियंत्रित कापूसबाजार देशात प्रथम झाला तो १८८६ साली आपल्या कारंज्यात. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या नावात भाजी कुठेच नाही, कारण मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, भेंडी नको होती. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. निर्णय चांगला आहे. पण पट्टी वाचता येणारा माणूस घरात नसेल, तर अडत गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या नावाने काय आले, हे कळणार कसे?

केंद्राचा कृषिमूल्य आयोग हमीभावाच्या पिकांचा खर्च काढतो, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरण्याची रीत आहे. म्हणजे मायचा प्रश्न सरकारला ठाऊक आहे. फक्त भाजीला हमीभाव नाही, म्हणून तिचा रोज त्या वहीत चढत नाही. केरळ राज्याने १ नोव्हेंबर २०२० पासून सोळा प्रकारच्या शेतमालाला, त्यात भाज्याही आल्या, आधारभाव ठरवला. उत्पादनखर्चावर वीस टक्के अधिक. ते पुरते का, हा वादाचा विषय होऊ शकेल. पण मोजता येत नाही, असे आता कोणी म्हणू नये.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. भेंडीला रविवार नाही, ही निसर्गाची गोष्ट आहे. पण तोडणाऱ्या बाईचा रोज नाही, ही माणसांनी केलेली गोष्ट आहे आणि ती माणसांना बदलता येते.

सुरुवात घरातून करा, एवढेच आमचे मागणे. इथे शेतकरी बसले आहेत, त्यांनी या हंगामापासून एक वही घालावी. बियाण्याच्या नि खताच्या ओळीखाली घरच्या प्रत्येक माणसाचे नाव आणि त्याचे रोज लिहावे. बाईचे नाव आधी. पट्टी आली की ती वहीशी ताडून पाहावी. कामगार बसले आहेत, त्यांनी आपली वाढ कोणाच्या पट्टीतून कापली जाते ते विचारावे. आणि शहरातल्या भगिनी-बंधूंनी भाजीवालीशी घासाघीस करताना पाव एकराचे ते चाळीस रोज आठवावेत.

आमची माय आता थकली आहे. तोड्याला जात नाही, पण माघात बी भिजवून ती पुरचुंडी अजून स्वतःच बांधते. मागच्या वर्षी आम्ही वहीत पहिल्यांदा तिचे नाव लिहिले आणि वाचून दाखवले. ती म्हणाली, “मागचे साल कुठी हायत?”

ती मागची सालं आमच्यावर देणे आहेत. ते देणे आहे एवढे आज आपल्यासमोर कबूल करतो आणि आपली रजा घेतो.