अंगावरचे गणकयंत्र

वैद्याची तीन बोटे रोग्याच्या मनगटावर टेकली, की घरातली सारी मंडळी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहात असत. त्याच मनगटावर आता घड्याळाच्या रूपाने एक चिमुकले गणकयंत्र येऊन बसले आहे, आणि ते रात्रंदिवस नाडी मोजते आहे. हा नवा वैद्य आला कोठून, आणि त्याचे म्हणणे कितपत मानावे, याचा आज थोडा विचार करू.

गंमत अशी की, अंगावरच्या गणकयंत्राचा जन्म रुग्णालयात झाला नाही, तो जुगारापायी झाला! अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोघा गणितज्ञांनी १९६१ मध्ये बारा ट्रान्झिस्टरांचे, सिगारेटच्या पाकिटाएवढे यंत्र सिद्ध केले. रूलेटचे चाक आणि त्यावरची गोळी यांचा वेग बुटात दडवलेले बटण पायाच्या अंगठ्याने दाबून यंत्राला कळवायचा, आणि गोळी चाकाच्या कोणत्या भागात थांबेल ते यंत्राने सुरांच्या खुणेने कानात सांगायचे, अशी ती युक्ती. लास वेगासला जाऊन दोघांनी ती आजमावली. गणित बरोबर होते. पण कानाकडे जाणाऱ्या केसासारख्या तारा पुन्हा पुन्हा तुटू लागल्या. म्हणजे अडचण आकडेमोडीची नव्हती, अंगावर टिकेल अशा सामानाची होती.

आता या सामानाकडे वळू. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६ मध्येच दाखवले होते. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये सिद्ध केले. पण स्फटिक पडला कडक, आणि माणसाचे अंग मऊ! १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी हाच गुण एका लवचीक प्लास्टिकच्या पापुद्र्यात आणून दाखवला, आणि वाट मोकळी झाली. पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेक येथे सैनिकांसाठी एक सदराच विणण्यात आला. त्यात प्रकाश वाहून नेणारे तंतू होते. गोळी लागून तंतू तुटला, की जखम कोठे आहे ते कळावे.

मनगटावरचे घड्याळ मात्र प्रकाशावर काम करते. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हा प्रकाश शोषते. ठोक्यागणिक कातडीखाली रक्त वाढले, की परतणारा प्रकाश कमी होतो. यंत्र हे चढउतार मोजते. करोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही याच जातीचा. फक्त त्याचा प्रकाश लाल आणि अवरक्त.

पण प्रकाश कातडीतूनच जातो, आणि कातडीचा रंगही तो शोषतो! अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की रक्तातला प्राणवायू घटलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवला, असे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट होते. आपणा सावळ्या माणसांनी हे कानाआड करून कसे चालेल? यंत्र कोणाच्या अंगावर पारखून घेतले, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

म्हणून यंत्र जरूर वापरावे. पण धाप लागली असेल, तर आकडा चांगला आहे एवढ्यावर विसंबून घरी बसू नये. डॉक्टरांना गाठावे. आकडा यंत्राचा असतो, जीव आपला असतो.