मोबाईल भरलेला, बातमी कुठं?
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज आम्ही बातमीवर बोलणार आहोत. पण फिरून दाव्यांवरच यावं लागेल.

13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाचा हुकूम झाला. ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झालेत त्यांना 24 जुलैच्या आत जमिनीवरून काढा. 16 राज्यं, 11 लाखांवर दावे! दुसऱ्याच दिवशी पुलवामाचा हल्ला झाला. जवान गेले, ती बातमी मोठीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर मोबाईलवर दिवसरात्र नुसती आरडाओरड. आमच्या पोरांचे फोन भरलेले, आणि आपल्या जमिनीचा हुकूम आम्हाला कळला तो कार्यकर्त्यांच्या तोंडून. 28 फेब्रुवारीला कोर्टानंच तो थांबवला. कितीतरी घरांना आलेलंही कळलं नाही, थांबलेलंही नाही.

असं का होतं? मोबाईलवरची बातमी जितके जण उघडतील तितकी जाहिरात मिळते. पाड्यावर यायचं तर वार्ताहराचा दिवस मोडतो, जीपभाडं लागतं, कागद वाचावे लागतात. नटीच्या लग्नाचे फोटो टाकायला दहा मिनिटं पुरतात. मग मालक काय मागणार? वार्ताहराला आम्ही दोष देत नाही, त्यालाही पोट आहे.

आणि आपण दिसलो तरी कसे दिसतो? 2018 च्या मार्चात नाशिकहून मुंबईला मोर्चा गेला. फोड आलेले पाय साऱ्या देशानं पाहिले, लोक हळहळले. सरकारनं सहा महिन्यांत दावे निकाली काढायचं लेखी दिलं. सहा महिन्यांनी किती जण विचारायला आले? पायांचा फोटो चालतो. दाव्याचा नंबर चालत नाही.

पण आपल्याला नंबरच लागतो. दावा नामंजूर झाला तर अपिलाला 60 दिवस असतात. कोणत्या समितीनं नामंजूर केला, कारण काय, कागद हातात कधी पडला, ही आपली खरी बातमी. ती छापायला कोणी येत नाही, म्हणून हे पत्रक आहे. शाई हाताला लागते, अक्षर कधी फुटतं, तरी चालेल.

तर नोटीस आली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट फेकू नका. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. पुढच्या बाजारच्या दिवशी नक्कल घेऊन या. स्टेन्सिल त्याच रात्री कापायचं आहे.