बोळक्या तोंडाचे हसू

हसतील त्याचे दात दिसतील, असे आपल्याकडे म्हणतात. सत्तरी उलटलेल्या माणसाला ही भीतीही उरत नाही. दिसायला आधी दात हवेत. आणि कवळी असली तर दिसतात ते दंतवैद्याचे! तेव्हा मोकळेपणी हसायला याहून सोयीचे वय दुसरे नाही. तरीही पुष्कळ वृद्धांचे हसू हळूहळू मावळत जाते. असे का व्हावे बरे?

'आजोबा अलीकडे चिडचिडे झाले आहेत,' असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे, स्वभावाला नावे ठेवण्यापूर्वी त्यांच्या कानांकडे पाहा. वय झाले की आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही अक्षरे निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. आणि विनोद तर बहुधा शेवटच्या एका शब्दावर उभा असतो! पंगतीत चारजण एकदम बोलत असतात, कुणी काही म्हणतो, सगळे खो खो हसतात. आजोबाही हसतात, पण जरा उशिराने. मग हळूच विचारतात, "काय म्हणाला रे?" उत्तर येते, "काही नाही हो, सहज." हे 'काही नाही' फार वाईट. दोन-चारदा ते ऐकले की माणूस विचारणे सोडतो, आणि पुढे पंगतीला बसणेही सोडतो.

हसणे ही मुळी एकट्याने करायची गोष्टच नव्हे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला असे आढळले, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो चारचौघांत हसतो. म्हातारपणी हे चारचौघेच कमी होत जातात. दोन मित्रांत एखादा विनोद चाळीस वर्षे चालत आलेला असतो. 'मास्तरांची सायकल' एवढे दोन शब्द उच्चारले, की दोघेही डोळे पुसत हसायचे. त्यांतला एक गेला, की दुसऱ्याला ती सायकल कुणाला तरी समजावून सांगावी लागते. समजावलेल्या विनोदाला कोण हसणार?

१३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत पाचजणांनिशी हास्यक्लब सुरू केला. आरंभी मंडळी विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. उरले ते कुणाला तरी बोचणारे. तेव्हा कारणावाचूनच हसायचे ठरले. हात वर करून हा-हा करणे मला स्वतःला जमण्यासारखे नाही. पण अशा ठिकाणी कुणी दोन दिवस आला नाही तर त्याची चौकशी होते. माझ्या मते खरे औषध ते.

औषध म्हणालो खरा, पण हसल्याने आयुष्य वाढते, असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर जरा थांबा. नॉर्वेत पन्नास हजारांहून अधिक लोकांवर सात वर्षे लक्ष ठेवून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विनोदबुद्धी असलेली माणसे अधिक जगताना दिसली. पण पासष्टीपुढे हा फरक दिसेनासा झाला! असो. वर्षे वाढोत न वाढोत, आजची संध्याकाळ बरी जाते, हे काय थोडे झाले?

मात्र सगळेच विनोद संध्याकाळ बरी घालवत नाहीत. रॉड मार्टिन या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यांतल्या दोन माणसाला सुखावणाऱ्या, तर दोन अपायकारक. सुनेच्या पोळीवर पाहुण्यांसमोर केलेली कोटी अपायाकडची. आणि 'आमचे काय, पिकले पान!' हे दिवसातून पाचदा म्हणणे, तेही तिकडचेच. पहिल्यांदा घरातले हसतात. पुढे कुणाला काय बोलावे ते सुचत नाही.

तुमच्या घरी कुणी वृद्ध असतील तर एक करून पाहा. चि. वि. जोशींच्या चिमणरावाची एखादी कथा नातवाला मोठ्याने वाचायला सांगा. टेलिव्हिजन बंद ठेवा. वाचणाऱ्याचे तोंड उजेडात असू द्या, म्हणजे कानांना कमी पडले तरी ओठ दिसतात. आणि मध्येच "काय म्हणाला रे?" असा प्रश्न आला, तर ते वाक्य पुन्हा वाचायचे; सावकाश, पहिल्यापासून.