आजारी कोंबडा आणि शुश्रूषेचे पाच गुण
(वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. धम्माच्या व्यासपीठावरून कोंबड्याचे काय सांगणार? परंतु आपल्यापैकी अनेकांच्या परसात आजही चार-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा असतो. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात. एके दिवशी तो कोंबडा आरवत नाही, दाणे टिपत नाही, पिसे फुलवून कोपऱ्यात डोळे मिटून बसतो. मग घरात एकच चर्चा सुरू होते. मरण्याआधी कापून टाकावा, की आठवडी बाजारात खपवावा? या चर्चेत धम्माचा काही शब्द आहे की नाही, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

आम्ही येथे शाकाहाराचा प्रचार करीत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना, गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याची हौस यांत फरक केला आहे. तो विवेक आपल्याजवळ असावा. पण त्यांनीच 1956 साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. दया करायची म्हणजे नेमके काय करायचे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर निजविले. इतर भिक्षूंना विचारले असता ते म्हणाले, हा संघाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही त्याची सेवा करीत नाही. भगवंतांनी त्यांना समज दिली आणि चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले. कोंबडा अंडी देत नाही, मग त्याच्यासाठी इतके कशाला, असे आपण म्हणतो तेव्हा त्या भिक्षूंचेच उत्तर आपण देत असतो. तेव्हा हे पाच गुण आपण कोंबड्यावर लावून पाहू.

पहिला गुण, औषध करता येणे. पक्षी आपला आजार लपवितो. तो आपल्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून रोज तुरा, डोळे, श्वास आणि विष्ठा पाहावी. तुरा निळसर पडणे, तोंड उघडून श्वास घेणे, हिरवी पातळ विष्ठा, मान पिळवटणे ही गंभीर लक्षणे होत. त्याला ताबडतोब इतर कोंबड्यांपासून दूर, कोरड्या व उबदार जागी डालग्याखाली ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. घरातील माणसांच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. डॉक्टरांनी औषध दिले, तर ते सांगतील तितके दिवस त्या पक्ष्याचे मांस वा अंडी खाऊ नयेत.

दुसरा गुण, पथ्य आणि अपथ्य ओळखणे. पाणी घशात ओतू नये. कोंबड्याच्या जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते, ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि मायेपोटी आपणच त्याचा जीव घेतो. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावा, तो स्वतः गिळेल. खाऊ लागला तर भाताची पेज, भिजवलेल्या कण्या थोड्या थोड्या द्याव्यात. अंगारा, उतारा, भगताचा दोरा हे सारे अपथ्य. ज्या समाजाने देवापुढे कोंबडे कापणे सोडले, त्याने कोंबड्यासाठी भगताकडे जावे, हे शोभत नाही.

तिसरा गुण, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. आजारी पक्षी बाजारात खपविणारा दोन रुपये वाचवितो आणि दुसऱ्याच्या खुराड्यात रोग पाठवितो. घेणारीही आपल्यासारखीच कोणी गरीब बाई असते. यात प्राण्याची हिंसा आहेच, शिवाय फसवणूकही आहे.

चौथा गुण, घाणीची किळस न करणे. खालचे तूस रोज बदलावे, माखलेली पिसे कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडी करावीत. पण किळस नसणे म्हणजे बेफिकिरी नव्हे. नाकातोंडाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत, निरोगी कोंबड्यांचे आधी करून आजाऱ्याचे शेवटी करावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला होता, हे आपण विसरू नये. एकाएकी अनेक पक्षी मेले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. एकटाच पक्षी दगावला तर डॉक्टरांना विचारून, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

पाचवा गुण, धम्मवचनाने धीर देणे. हा कोंबड्याला कसा लागू पडेल? तो घरातील मुलांना लागू पडतो. आमच्या माहितीतील नववीच्या एका मुलीचा कोंबडा मानमोडीने आजारी पडला. या रोगाला राणीखेतही म्हणतात. तो विषाणूंमुळे होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. डॉक्टरांनी हे तिला स्पष्ट सांगितले. तरी तिने चार दिवस त्याची सेवा केली. पाचव्या दिवशी तो मेला. “मग माझ्या सेवेचा उपयोग काय झाला?” असे तिने आम्हांस विचारले. आम्ही तिला इतकेच म्हणालो, की बाळ, अनित्यता कोणाच्या सेवेने टळत नाही. पण तो एकटा, तहानलेला, चिखलात मेला नाही. आणि तू त्याला पहिल्याच दिवशी वेगळा ठेवून शेजारच्या कोंबड्यांचा धोका कमी केलास. कधी पक्षी तडफडत असतो आणि आशा उरत नाही. तेव्हा काय करावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि आपला त्रास वाचावा हा हेतू त्यात नसावा.

मित्रांनो, मानमोडीवर इलाज नसला तरी लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन देतात. अडचण अशी, की लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. चार कोंबड्यांची बाई एकटी ती कशी आणणार? पण वस्ती एकत्र आली तर एक कुपी सर्वांना पुरते. हे काम व्यक्तीचे नाही, संघाचे आहे. आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी घरोघरच्या कोंबड्यांची यादी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशी सकाळी खुराडी उघडण्यापूर्वी दारोदार जावे.

सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची सोयही सांगितली आहे, आणि जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्या आणून लावल्याचे नमूद केले आहे. करुणा मनात असावी हे खरेच, पण ती बर्फाच्या डब्यातून लस घेऊन दारापर्यंतही आली पाहिजे. हे काम आपण या वर्षावासातच सुरू करावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय. जय भीम.